गवती चहाचं कुंपण आणि माझा हिवताप

मला हिवताप झाला तेव्हा आमच्या अंगणात डास पळवण्यासाठी लावलेली इतकी झाडं होती की दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांनाही त्यांचा वास लागायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं आजारपण ऐकलं की लोक पहिल्यांदा हेच विचारतात, "घराभोवती काही लावलं नव्हतं का?" लावलं होतं. फार प्रेमाने लावलं होतं.

परवा आमच्या ओळखीतली एक नवी सून थंडीतापाने पडली. रक्त तपासल्यावर हिवताप निघाला. तिला भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, "काकू, यातून माणूस उठतं ना?" उठतं. मी उठले. तिच्या खाटेशी बसून जे सांगितलं ते, आणि जे तिला सांगवलं नाही तेही, इथे लिहिते आहे.

अण्णांची बाग

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेली मराठी माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माझे यजमान विनायक एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. तोंडावर मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथे वाचणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून नाव घेते. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे त्यांना वाढवलं ते थोरल्या भावाने. त्यांना सगळेच अण्णा म्हणत.

अण्णा वनखात्यात कारकून होते. तरुणपणी त्यांची बदली घाटाकडच्या मलनाडात झाली होती. तिथल्या जंगलातल्या क्वार्टरमध्ये त्यांची बायको हिवतापाने गेली. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. फक्त डासांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

बंगळुरात परत बदली झाल्यावर त्यांनी हेब्बाळला एक छोटं कौलारू घर घेतलं. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावच होतं. तिथलं मोठं तळं घरापासून बरंच लांब होतं, आणि ते लांब आहे हे अण्णांनी स्वतः चालत जाऊन पाहून ठेवलं होतं. आम्ही बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या भाड्याच्या खोल्या सोडून तिकडे राहायला गेलो, तोवर अण्णांची बाग उभी राहिली होती. चारी बाजूंना गवती चहाचं कुंपण. दारात तुळस आणि सब्जा, खिडक्यांखाली झेंडू, न्हाणीघरामागे निर्गुंडी, कोपऱ्यात कडुनिंब. संध्याकाळी वाळलेला कडुनिंबाचा पाला घमेल्यात घालून ते घरभर धुरी फिरवत. खोबरेलात कडुनिंबाचं तेल मिसळून ठेवलेली बाटली दाराशीच असायची. हातापायाला ते लावल्याशिवाय कुणी अंगणात बसायचं नाही.

"अण्णा, अंगाला हा असला वास घेऊन मी हळदीकुंकवाला कशी जाऊ?" मी एकदा म्हटलं.

"डासाला आवडत नाही ना? मग वास चांगलाच आहे," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जायचं आणि झाडं सुकायची. म्हणून त्यांनी विहिरीशेजारी सिमेंटचा एक हौद बांधून घेतला. पाणी मिळेल तेव्हा तो भरून ठेवायचा आणि संध्याकाळी झाडांना घालायचं. हौदाच्या कडेने गवती चहा इतका माजला की पाणी दिवसभर सावलीत, गार राहायचं. तळातला खडा दिसावा असं नितळ पाणी. डास घाणीत, गटारात होतात अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती, आणि अण्णा अंगणात एक डबकं राहू देत नसत.

त्याच सुमाराला घरोघरी डासांचं औषध फवारणारी माणसं यायला लागली. आमच्या दारातून अण्णांनी त्यांना परत पाठवलं. "आत देव आहेत, बाहेर तुळस आहे. तुमचं औषध या पाल्यावर पडलं तर तो अंगाला कसा लावायचा?" ती माणसं वाद घालत बसली नाहीत. पुढच्या घरी गेली.

निदानाचा दिवस

मला सातवा महिना लागला होता. पहिलंच. एका दुपारी पोळ्या लाटताना अंगावर काटा आला आणि बघता बघता दात वाजायला लागले. चुलीजवळ बसले होते तरी थंडी हाडांतून येत होती. घोंगडी, त्यावर सतरंजी, त्यावर विनायकांचा कोट. काही उपयोग नाही. मग ताप चढला, मग घाम फुटला, आणि संध्याकाळी मी अशी उठून बसले की जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळा स्वयंपाक केला. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळेला, पुन्हा थंडी.

अण्णा कचेरीतून लवकर आले होते. खोलीच्या दाराशी उभं राहून त्यांनी मला कुडकुडताना पाहिलं. मी इतकी बेजार होते, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. ते विनायकांना म्हणाले, "जटका आण. आत्ताच्या आत्ता."

"अण्णा, अहो, ताप उतरू दे की जरा..." विनायक म्हणाले.

"आत्ता आण म्हणतो ना!"

घोडागाडीत ते सारखे गाडीवाल्याला घाई करत होते. इस्पितळात बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतलं. बाकावर बसून वाट पाहिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मलेरिया आहे."

"शक्य नाही," अण्णा म्हणाले. ते उभे राहिले आणि त्यांनी एकेक झाड सांगायला सुरुवात केली. गवती चहा आहे, निर्गुंडी आहे, दर संध्याकाळी धुरी असते, तेल असतं. विनायक त्यांचा हात ओढत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "या पोटुशी आहेत. घरी नेऊ नका. दाखल करा."

तोपर्यंत मला भीती वाटली नव्हती. ती वाटली अण्णा मटकन बाकावर बसले तेव्हा. मलनाडात हे त्यांचं आधी एकदा होऊन गेलं होतं, हे त्या क्षणी मला आठवलं.

वॉर्ड

ज्यांना इस्पितळात राहायचं आहे त्यांना सांगते, पहिले दिवस वाटतात तेवढे वाईट नसतात. तिथे सगळ्याला वेळ ठरलेली असते आणि आजारी माणसाला त्याचा आधार वाटतो. सकाळी तोंडात थर्मामीटर, मग पातळ दूध आणि पाव, मग गोळ्या. गोळ्या अशा कडू की जिभेवर नुसत्या टेकल्या तरी दुपारपर्यंत तोंडाची चव जायची. चार वाजता भेटायला येणारी माणसं.

माझ्या शेजारच्या खाटेवर रत्नम्मा होती. शिवाजीनगरच्या बाजारात फुलं विकणारी, माझ्याहून थोडी मोठी, टायफॉइडमधून उठत होती. तिचं मराठी शून्य. माझं कन्नड घरगुती, पण पुरेसं. गोळी घेतल्यावर मी तोंड वाकडं केलं की ती उशीखालून लिंबाच्या लोणच्याची पुडी काढायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, "अक्का, स्वल्प. स्वल्पच चाट." नर्सने एकदा पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं. आजारपणातली दया अशी असते. मोठं काही कुणी करत नाही, पण त्याने दिवस जातो.

अण्णा रोज चार वाजता पुदिन्याची आणि गवती चहाची जुडी घेऊन येत आणि माझ्या उशाशी ठेवत. ते गेले की नर्स ती काढून टाकी. दुसऱ्या दिवशी ते ताजी आणत.

ताप उतरला. पण एका सकाळी पोटात दुखायला लागलं आणि मला दुसऱ्या खोलीत नेलं. मुलगा झाला. तो रडला नाही. वडीलधाऱ्यांशी बोलून नर्सने त्याला मला न दाखवताच नेलं. तेव्हा तसंच करत असत, आईला त्रास नको म्हणून. अण्णा आणि विनायक त्याला घेऊन गेले. कुठे पुरला तेही मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा विनायक इतके रडायला लागले की मी पुन्हा विचारलं नाही. तो कुणासारखा दिसत होता ते मला माहीत नाही. ही रुखरुख औषधाने जाणारी नाही.

मला परत वॉर्डात आणलं तेव्हा रत्नम्मा उठली. ती माझ्या खाटेवर येऊन बसली आणि तिने माझे केस विंचरायला घेतले. तापात केसांचा पार गुंता झाला होता. दुपारभर ती एकेक बट सोडवत होती.

हौद

दोन-चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी विनायकांना आणि अण्णांना माझ्या खाटेशीच विचारलं, "तळ्याजवळ राहता का?"

"तळं लांब आहे," अण्णा म्हणाले.

"मग घरात पाणी साठवता?"

"विहिरीजवळ हौद आहे. पण पाणी अगदी स्वच्छ."

"या डासाला स्वच्छच लागतं. झाकलेला आहे?"

त्या दिवशी दोघे लवकर गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा एकटे आले. हातात जुडी नव्हती. स्टुलावर बसले.

"शारदा, हौदात अळ्या आहेत," ते म्हणाले. "पाण्याच्या वर आडव्या पडून असतात. आपली सावली पडली की खाली जातात. म्हणून कधी दिसल्या नाहीत. तांब्यात घेऊन आत्ता बाईंना दाखवून आलो. त्याच आहेत."

मी उठून बसले.

"ते झाडांचं पाणी होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं, अण्णा? आम्हाला तरी कुणाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. पण फवारणीवाल्यांना दारातून मी परत पाठवलं. ते काम तर मीच केलं ना?"

"तुम्ही आमच्यासाठीच केलंत सगळं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. देवाशपथ नाही."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये 'बरं' म्हणतात तसं, संभाषण संपवायला, आणि उठले. ऐकलं, पण त्यांनी ते घेतलं नाही, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. ते वॉर्डातून बाहेर जाईपर्यंत मी बघत होते.

मी खरंच बोलले होते. मला अण्णांचा राग आला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण आपण माफ केलं एवढ्याने समोरच्याची सुटका होत नाही, हे मला तेव्हा समजलं.

घरी

घरी आले तर अंगण उघडं. गवती चहा, निर्गुंडी, झेंडू, सगळं मुळासकट उपटलेलं. कडुनिंब तोडलेला. हौद फोडून त्याचे तुकडे फाटकाशी रचून ठेवले होते. तुळस तेवढी राहिली होती, तीही बहुधा हात धजला नाही म्हणून. अण्णांच्या तळव्यांना फोड आले होते.

मी विनायकांना विचारलं, "तुम्ही थांबवलं नाहीत?"

"करू दे म्हटलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला परका वाटला.

हिवताप उतरल्यावरही माणूस लगेच बरं होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. मला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागे. केस गळाले. एकदा ताप उलटला आणि पुन्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. आणि थंडी यायची ती दुपारची वेळ झाली की ताप नसतानाही छातीत धडधड व्हायची. ही भीती पुष्कळ महिने राहिली, मग एक दिवस लक्षात आलं की दुपार होऊन गेली आणि मला कळलंही नाही.

त्या सगळ्या दिवसांत स्वयंपाक अण्णांनी केला. मला भात भरवला. दोघे भाऊ मात्र एकमेकांशी कामापुरतं बोलत. एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "हिला रोज खजूर द्यायला हवा, रक्त कमी आहे." आणि विनायक ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "तुमचे उपाय पुरे झाले आता."

ज्याने आपल्याला लहानाचं मोठं केलं त्याला कुणी असं बोलावं, आणि तरी त्या बोलणाऱ्याचंही मूल गेलेलं असावं. मी कुणाची बाजू घेणार होते?

मी चालती फिरती झाल्यावर अण्णांनी शिवाजीनगरात एक खोली भाड्याने घेतली. कचेरी जवळ पडते म्हणाले. घर आम्हाला ठेवलं. रागावून गेले असते तर समजूत घालता आली असती.

काय सांगायचं

ज्यांच्या घरी झाडं आहेत त्यांनी ती खुशाल ठेवावीत. झाडांचा दोष नव्हता. गवती चहाची पात चुरगळून अंगाला चोळली तर थोडा वेळ डास लांब राहतात. तेलाने राहतात. पाल्याची धुरी असेपर्यंत राहतात, धूर गेला की परत येतात. नुसतं झाड उभं असल्याने डास जात नाही. आणि झाडाला घालायचं पाणी उघडं ठेवलं तर सगळंच व्यर्थ. हौद, पिंप, कुंडीखालची ताटली, आठवड्यातून एकदा कोरडी करावी. मच्छरदाणी लावावी. फवारणीवाले आले तर देव झाकून त्यांना आत घ्यावं. थंडी वाजून ताप एक दिवसाआड आला तर बरं वाटण्याच्या दिवशी फसू नये, रक्त तपासून घ्यावं. एवढंच. एवढंसंच होतं ते सगळं.

शिवाजीनगर

तीनेक वर्षांनी मुलगी झाली. त्या खेपेला मी महिनोन् महिने मच्छरदाणीत बसून काढले. बारशाला अण्णांना निरोप पाठवला, ते आले नाहीत. म्हणून अण्णांच्या कचेरीला सुट्टी होती अशा एका सकाळी, विनायक कामावर गेल्यावर, मुलीला घेऊन मी बसने शिवाजीनगरला गेले.

अण्णांची खोली एका हॉटेलच्या मागच्या गल्लीत होती. ते खोलीत नव्हते. गल्लीच्या टोकाला मालकाची आरडाओरड ऐकू आली, "अण्णा, रोज रोज काय हे? पाणी काय फुकट येतं?" आणि अण्णा, बाह्या वर सरकवून, हॉटेलचं पिंप आडवं करून रिकामं करत होते. पन्नाशीतच पाठीत वाकले होते. नंतर मला समजलं की सुट्टीच्या दिवशी ते सगळ्या गल्लीतली पिंपं आणि रांजण बघत हिंडायचे. कुणी हसायचं, कुणी दार लावून घ्यायचं.

मला पाहून ते थबकले. मग नळावर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, धोतराला पुसले. मी मुलीला त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्याकडे बघून हसली, आणि ते तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या दंडाकडे बघत होते.

"हे काय?"

दंडावर लाल ठिपका होता. डास चावल्याचा.

"काल बाहेर झोपाळ्यावर होती थोडा वेळ..."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं. "चल," म्हणाले.

त्या दुपारी, घर सोडल्यानंतर पहिल्यांदाच, ते हेब्बाळला आले. आत पाऊल न टाकता अंगणापासून सुरुवात केली. विहिरीवरची जाळी उचलून पाहिली, न्हाणीघरामागचा नाला, कौलांखालची पन्हळ, कोपऱ्यातली फुटकी कुंडी. विनायक कामावरून आले तेव्हा अण्णा शिडीवर होते आणि पन्हळीतला कुजका पाला हाताने उपसत होते. विनायक फाटकात उभे राहिले. मला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, शिडीजवळ गेले आणि खालून शिडी घट्ट धरली. पन्हळ साफ होईपर्यंत विनायक शिडी धरून होते.

"काही नाही सापडलं," खाली उतरून अण्णा म्हणाले. "बाहेरून आला असेल एखादा."

"अण्णा, राहा आजच्या दिवस," विनायक म्हणाले.

"पुढच्या खेपेला."

त्यानंतर ते दर आठवड्याला आले. विहीर पाहायची, पन्हळ पाहायची, मुलीला मांडीवर घेऊन चहा प्यायचा, तिला कन्नड गोष्टी सांगायच्या. विनायक त्या दिवशी कामावरून लवकर येत. प्रत्येक वेळी निघताना ते "राहा" म्हणत आणि अण्णा "पुढच्या खेपेला" म्हणत, आणि दिवे लागायच्या आत बस पकडत. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, शिवाजीनगरच्या त्या खोलीत, त्यांच्या हृदयाने दगा दिला.

घर त्यांनीच घेतलेलं होतं, त्यांच्याच नावावर होतं. त्यात ते पुन्हा एक रात्रही झोपले नाहीत.